लिंगाण्याची चढाई : टप्प्याटप्प्याच्या प्रस्तरारोहणाचा एक पाठ

रायगडाच्या माथ्यावरून पूर्वेकडे पाहिले असता सह्याद्रीच्या मुख्य रांगेला बिलगून उभा असलेला एक निमुळता सुळका लक्ष वेधून घेतो. हाच लिंगाणा. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीचा हा गिरिदुर्ग रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात येतो. १६५६ मध्ये जावळी स्वराज्यात आल्यानंतर रायरीचा डोंगर आणि त्याच्या भोवतीचा हा दुर्गम मुलूख शिवछत्रपतींच्या ताब्यात आला. पुढे रायगड ही राजधानी झाली आणि घाटावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवण्याचे काम लिंगाण्याच्या वाट्याला आले. सुळक्याच्या पोटात खोदलेल्या गुहेचा उपयोग कैदी ठेवण्यासाठी होत असे, असे सांगितले जाते. एकेकाळी माथ्याकडे नेणाऱ्या पायऱ्यांचा बराचसा भाग आज नाहीसा झाला आहे. त्यामुळे लिंगाण्यावर जायचे तर दोर, साधने आणि त्यांचे शास्त्रशुद्ध ज्ञान यांवाचून गत्यंतर नाही.

प्रस्तरारोहणाच्या परिभाषेत लिंगाण्याची चढाई मध्यम श्रेणीची समजली जाते. हातापायांना आधार देणाऱ्या खोबणी बहुतेक ठिकाणी मोठ्या आहेत आणि मध्ये विसाव्याच्या जागाही आहेत. अंगी असामान्य बळ असण्याची येथे आवश्यकता नाही. परंतु मध्यम चढाई म्हणजे निर्धोक चढाई नव्हे. जेथे चढणे अवघड असते तेथे अनभिज्ञ माणूस पायथ्याशीच थबकतो. जेथे चढणे जमण्याजोगे असते तेथे तो शेकडो फूट वर जाऊन पोहोचतो आणि आपली तयारी अपुरी असल्याचे त्याला तेथे गेल्यावर उमगते. खाली दरी मात्र दोन्ही ठिकाणी सारखीच खोल असते. म्हणूनच अशा चढाईत सुरक्षितता मनगटाच्या ताकदीवर कमी आणि व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते. ही व्यवस्था कशी असते, हे शाळांच्या सहली पाठविणाऱ्या शिक्षकांनी, डोंगरपायथ्याच्या पंचायतींनी आणि संबंधित अधिकाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

कातळाची घडण

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वारंवार बाहेर पडलेला लाव्हारस थिजून सह्याद्रीचा काळा पाषाण तयार झाला. हे थर एकावर एक साचत गेले. काही थर घट्ट व एकसंध, तर काही सच्छिद्र व ठिसूळ आहेत. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातकट पट्टाही आढळतो. ऊन, वारा व पाऊस यांनी मऊ थर लवकर झिजतात, घट्ट थर मात्र उभ्या भिंतीसारखे उरतात. त्यामुळे सह्याद्रीचा कडा पायरीपायरीचा दिसतो. उभा कातळ, त्यावर गवताचा अरुंद पट्टा, पुन्हा उभा कातळ, असा हा क्रम असतो.

आरोहकाच्या दृष्टीने या रचनेचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम अनुकूल आहे. थराथरांमधील पट्ट्यांवर उभे राहून पुढील चढाईची तयारी करता येते. दुसरा परिणाम प्रतिकूल आहे. या पट्ट्यांवर माती, सुटे दगड आणि हिवाळ्यात वाळून निसरडे झालेले गवत असते. उभ्या कातळावर सावधपणे चढलेला माणूस पट्ट्यावर आल्यावर सैल पडतो आणि नेमका तेथेच घसरतो. शिवाय वरच्याच्या पायाखालून किंवा दोराच्या घर्षणाने सुटलेला लहानसा दगडही खाली पोहोचेपर्यंत प्राणघातक वेग धारण करतो. याकरिता शिरस्त्राण हे चढताना, उतरताना आणि खाली वाट पाहतानाही डोक्यावर असलेच पाहिजे.

टप्पा म्हणजे काय

घाटमाथ्यावरील मोहरी गावातून निघालेली वाट बोराट्याच्या नाळेने खाली उतरते आणि नाळेतून आडवी जाऊन रायलिंगचे पठार व लिंगाणा यांच्यामधील खिंडीत पोहोचते. खरी चढाई येथून सुरू होते. खिंडीपासून गुहेपर्यंत एक भाग आणि गुहेपासून माथ्यापर्यंत दुसरा भाग, असे या चढाईचे ढोबळ विभाग पडतात. संपूर्ण उंची एकाच दोराने गाठता येणे शक्य नसते. दोराची लांबी सामान्यतः ५० ते ६० मीटर असते आणि वाट वळणावळणाची असली तर त्याहून पुष्कळच कमी अंतरात दोर कातळाला घासून जड होतो. म्हणून चढाईचे भाग पाडावे लागतात. एका सुरक्षित थांब्यापासून पुढच्या सुरक्षित थांब्यापर्यंतच्या अशा एका भागास टप्पा म्हणतात.

एका टप्प्याचे काम पुढीलप्रमाणे चालते. दोघे आरोहक एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले असतात. पहिला चढू लागतो. दुसरा थांब्यावर स्वतःला कातळाशी जखडून घेतो आणि घर्षणाच्या साधनातून दोर हळूहळू सोडतो. यालाच बिले देणे म्हणतात. पहिला आरोहक वाटेत ठिकठिकाणी कातळातील फटीत किंवा ठोकलेल्या मेखेत कडी अडकवून तीतून दोर ओवून घेतो. हे मधले आधार होत. योग्य थांबा येताच तो तेथे स्वतःला जखडतो, उरलेला दोर वर ओढून घेतो आणि आता वरून बिले देऊ लागतो. मग दुसरा चढतो आणि चढता चढता मधले आधार सोडवून बरोबर घेतो. तो वर पोहोचला म्हणजे टप्पा पूर्ण झाला. दोघे माथ्यावर पोहोचेपर्यंत हाच क्रम पुन्हा पुन्हा चालतो.

या क्रमात एक नियम अढळ आहे. कोणत्याही क्षणी दोघांपैकी किमान एक जण कातळाशी पक्का जखडलेला असलाच पाहिजे आणि थांब्यावर तर दोघेही जखडलेले असले पाहिजेत. वारा असला किंवा कड्याचा कोपरा आड आला, तर एकमेकांचा आवाज पोहोचत नाही. अशा वेळी समजुतीचा घोटाळा झाला, तर वरचा आपल्याला सांभाळून आहे असे समजून खालचा चढू लागतो आणि वरच्याने अद्याप दोर साधनात घेतलेलाही नसतो. याकरिता मोजके व ठराविक शब्द, तसेच आवाज न पोहोचल्यास दोराला द्यावयाच्या झटक्यांच्या खुणा पायथ्याशीच ठरवून घेतात. प्रत्युत्तर मिळाल्यावाचून पुढचे पाऊल टाकावयाचे नाही.

थांब्याची बांधणी

टप्प्याटप्प्याच्या चढाईतील सर्वांत महत्त्वाचे स्थान म्हणजे थांबा. मधला एखादा आधार निखळला तरी त्याखालचा आधार पतन रोखू शकतो. थांब्याचा आधार निखळला तर मात्र सर्वच जण खाली जातात. म्हणून थांबा कधीही एकाच मेखेवर बांधत नाहीत. किमान दोन आणि शक्य तर तीन स्वतंत्र आधार जोडून त्यांवर भार विभागला जातो. एक सुटला तरी उरलेल्यांवर अकस्मात झटका येऊ नये, अशी ही जोडणी असते.

या जोडणीत कोनाला फार महत्त्व आहे. दोन मेखांना जोडलेल्या पट्ट्यांमधील कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक मेखेवर एकूण भाराच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. कोन ९० अंशांचा झाला तर हा ताण सुमारे ७१ टक्के होतो. १२० अंशांवर प्रत्येक मेखेला संपूर्ण भाराइतका ताण सोसावा लागतो आणि त्यापुढे तर तो भाराहूनही अधिक होतो. म्हणजे दोन मेखा असूनही, पट्टी आखूड बांधल्यामुळे, दोन मेखांचा लाभ नाहीसा होतो. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी जितकी ताठ बांधावी तितक्या तिच्या खुंट्या लवकर उपटतात, हा घरोघरचा अनुभव याच नियमाचे उदाहरण आहे.

लिंगाण्याच्या परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. साध्या लोखंडाच्या मेखा अशा हवामानात आतून गंजतात आणि बाहेरून मात्र ठीक दिसतात. कातळात आधीपासून मेख आहे म्हणून ती भरवशाची आहे, असे गृहीत धरणे चूक होय. पूर्वीच्या मोहिमांनी सोडलेल्या पट्ट्या व दोरही ऊन-पावसाने जीर्ण झालेले असतात. त्यांची पारख केल्याशिवाय आणि जोडीस आपला आधार दिल्याशिवाय त्यांवर भार टाकू नये.

पतनाचे गणित

पहिला आरोहक शेवटच्या आधारापासून जितका वर गेला असेल, त्याच्या दुप्पट अंतर तो पडतो. परंतु झटक्याची तीव्रता केवळ पडण्याच्या अंतरावर ठरत नाही. ते अंतर आणि तोवर सोडलेल्या दोराची लांबी यांच्या गुणोत्तरावर ती मुख्यतः ठरते. दोन उदाहरणे पाहू. पहिल्या उदाहरणात आरोहक थांब्यापासून २० मीटर वर आहे आणि त्याचा शेवटचा आधार ५ मीटर खाली आहे. तो पडला तर १० मीटर पडेल. हा झटका शोषून घेण्यास २० मीटर दोर असल्याने गुणोत्तर अर्धे येते. दुसऱ्या उदाहरणात आरोहक थांब्यापासून फक्त ५ मीटर वर आहे आणि त्याने मध्ये एकही आधार लावलेला नाही. तोही १० मीटरच पडेल, परंतु झटका शोषण्यास अवघा ५ मीटर दोर आहे. गुणोत्तर २ येते आणि सारा आघात थेट थांब्यावर व बिले देणाऱ्यावर येतो.

यावरून निघणारा धडा अनेकांच्या समजुतीविरुद्ध आहे. टप्प्याच्या अखेरीस उंची अधिक वाटते म्हणून तेथे भीती वाटते, पण सर्वांत कठोर आघाताचा संभव टप्प्याच्या आरंभी, थांबा सोडल्यावरच्या पहिल्या काही पावलांत असतो. म्हणून थांबा सोडताच, चढाई सोपी असली तरीही, पहिला आधार लवकरात लवकर लावला पाहिजे.

दोराची निवडही याच गणितावर अवलंबून आहे. पूर्वी अंबाडीसारख्या तंतूंचे दोर वापरीत, तेव्हा पहिल्या आरोहकाने पडूच नये हाच नियम होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉनचे दोर आले आणि ताणले जाऊन आघात शोषणारा दोर उपलब्ध झाला. १९३२ मध्ये शामोनी येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या मानकांनुसार एकेरी वापराच्या दोराने ८० किलोग्रॅम वजनाची किमान ५ पतने सहन करावी लागतात आणि पहिल्या पतनातील आघात १२ किलोन्यूटनांपेक्षा अधिक असून चालत नाही. बाजारात मिळणारा न ताणणारा दोर उतरण्यास वा सामान ओढण्यास उपयोगी असला, तरी पहिल्या आरोहकाने तो बांधून चढणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. दोन्ही दोर दिसण्यात सारखे असल्याने ही गफलत होण्याचा संभव असतो.

दुसऱ्या आरोहकाला दोर वरून असल्यामुळे त्याचे पतन सामान्यतः थोडके असते. आडव्या चालीत मात्र हे खरे नाही. तेथे तो घसरला तर लंबकाप्रमाणे झोका खाऊन कातळावर आदळतो. म्हणून आडवी चाल करताना पहिल्याने केवळ अवघड जागेच्या आधी नव्हे, तर ती ओलांडल्यानंतरही आधार लावावा लागतो. पहिल्याच्या दृष्टीने तो आधार अनावश्यक असतो. तो मागून येणाऱ्यासाठी असतो. एका दोरावरच्या माणसांनी एकमेकांचा विचार कसा करावा, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

वेळेचा हिशेब

सह्याद्रीत प्रस्तरारोहणाचा हंगाम पाऊस संपून कातळ कोरडा झाल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, असा असतो. डिसेंबरच्या मध्यास या भागात सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. समजा, दोन अनुभवी आरोहकांना एका टप्प्यास ५५ मिनिटे लागली. पाच टप्प्यांस साडेचार तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. सकाळी सातला आरंभ केला तर दुपारी बाराच्या आत माथा गाठता येईल आणि उतरण्यास पुरेसा दिवस उरेल.

आता १५ जणांच्या तुकडीचा विचार करू. बांधलेल्या दोरावरून प्रत्येकास एका टप्प्यास १२ मिनिटे लागतात असे धरले, तर पहिल्यानंतर शेवटच्या माणसाचा क्रम येण्यास १६८ मिनिटे, म्हणजे पावणेतीन तासांहून अधिक वेळ जातो. उतरताना एकच दोर असेल आणि प्रत्येकास १० मिनिटे लागतील, तर प्रत्येक उतारास अडीच तास लागतात. कोणाचीही चूक न होता, केवळ संख्येमुळे, ही तुकडी अंधारात सापडते. थकवा, तहान व घाई यांच्या जोडीला काळोख आला म्हणजे गाठ अपुरी बसणे, कडी न मिटणे यांसारख्या चुका घडू लागतात. एकाच दिवशी दोन-तीन तुकड्या आल्या तर खालच्यांवर दगड पडण्याचे भयही वाढते. तुकडी लहान ठेवणे आणि माथा गाठला नसला तरी ठरलेल्या वेळी माघारी फिरणे, हे येथे कौशल्याचेच अंग मानले पाहिजे.

उतरण्याची कसोटी

माथ्यावर पोहोचणे ही मोहिमेची अर्धी वाट होय. दोरावरून घसरत खाली येताना शरीराचा सारा भार सतत आधारावर असतो आणि चढताना उपलब्ध असलेले मधले आधार येथे नसतात. उतरण्यापूर्वी पाच गोष्टी तपासाव्या लागतात : आधार किमान दोन ठिकाणी आहे काय, दोराची दोन्ही टोके खालच्या थांब्यापर्यंत पोहोचली आहेत काय, टोकांना गाठी मारल्या आहेत काय, उतरण्याच्या साधनात दोर योग्य रीतीने घेतला आहे काय, आणि कडी मिटून तिची कळ बंद केली आहे काय. दोराच्या टोकाला गाठ नसेल तर उतरणारा माणूस टोकावरून निसटून थेट खाली जाऊ शकतो. थांब्याशी जखडलेली आपली पट्टी सोडण्यापूर्वी दोरावर भार देऊन पाहावा आणि दुसऱ्याने हातांनी तपासून होकार द्यावा. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडलेली घर्षणगाठ बारीक दोरीने मुख्य दोरावर बांधली, तर हात सुटला तरी माणूस जागीच अडकतो. या दोरीची किंमत अगदी थोडी असते.

कोणी बेशुद्ध होऊन दोरावर लटकत राहिला तर तो धोका वेगळाच असतो. पट्ट्यांत निश्चल लोंबकळल्याने रक्ताभिसरण बिघडते आणि अल्पावधीत प्रकृती गंभीर होते. त्याला त्वरित खाली घेण्याची क्षमता तुकडीत असली पाहिजे, कारण मदतपथक येण्यास काही तास लागतात. आग्यामोहोळाचा उपद्रव हा सह्याद्रीतील आणखी एक ज्ञात धोका आहे. कड्यावर पोळे दिसल्यास ती वाट त्या दिवशी सोडून देणे हेच शहाणपण होय. तीव्र वासाची अत्तरे, धूर व गोंगाट कटाक्षाने टाळावेत.

शाळा, पंचायती व अधिकारी यांचे कर्तव्य

२०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यातील १२ दुर्गांत रायगड व राजगड हे दोन्ही आहेत. या परिसरात येणाऱ्यांची संख्या त्यामुळे वाढण्याचीच शक्यता आहे. साहसी पर्यटनाविषयीचे धोरण राज्य शासनाने २०२१ मध्ये जाहीर केले असून जमीन, पाणी व हवा या तिन्हींतील उपक्रम चालविणाऱ्यांची नोंदणी व सुरक्षा यांची तरतूद त्यात केली आहे. परंतु नियमांचे पालन झाले की नाही, हे पाहण्याचे पहिले स्थान शाळेचे कार्यालय आणि पायथ्याचे गाव हेच असते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांस पाठविण्यापूर्वी संयोजकांना काही साधे प्रश्न लेखी विचारावेत. नोंदणी झाली आहे काय? प्रत्येक दोरावर प्रशिक्षित व्यक्ती कोण? तिने मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण घेतले आहे काय? उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्था व दार्जिलिंग येथील हिमालयन गिर्यारोहण संस्था यांचे पायाभूत अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचे असतात. एका दिवसाच्या सरावाने त्यांची बरोबरी होत नाही. दोर केव्हा घेतला व त्याने किती पतने सोसली याची नोंद आहे काय? प्रत्येकास शिरस्त्राण मिळेल काय? माघारी फिरण्याची वेळ कोणती? या प्रश्नांची उत्तरे जो तत्परतेने देत नाही, त्याच्याबरोबर विद्यार्थी पाठवू नयेत. नवशिक्या मुलांना प्रथम गावाजवळच्या लहान कातळावर, वरून दोर घेऊन, गाठी व बिले यांचा अभ्यास द्यावा. पुष्कळ मुलांच्या दृष्टीने तेवढेही शिक्षण उपयुक्त व आनंददायक असते.

ग्रामपंचायतींनी चढाईस जाणाऱ्या तुकड्यांची नोंदवही ठेवावी. तीत संख्या, प्रमुखाचे नाव, संपर्क, निघण्याची व परतण्याची अपेक्षित वेळ यांची नोंद असावी. ठरलेल्या वेळी तुकडी न परतल्यास कोणास कळवावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. जवळचे पोलीस ठाणे, आरोग्य केंद्र व गिर्यारोहकांची बचाव पथके यांचे क्रमांक गावात ठळक जागी लावावेत. डोंगराच्या वाटा ज्यांना अंगवळणी आहेत अशा स्थानिक तरुणांना प्रथमोपचार व दोरकामाचे शिक्षण मिळाले, तर संकटात पहिली मदत त्यांचीच होईल आणि एरवी वाटाड्या म्हणून त्यांना उत्पन्नही मिळेल. सुळक्यावरील पाण्याची टाकी स्वच्छ राखणे आणि कचरा खाली आणणे, हेही नोंदीच्या वेळी प्रत्येक तुकडीकडून वदवून घ्यावे.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांचे मावळे दोराच्या साहाय्याने सिंहगडाचा कडा चढून गेले. त्या पराक्रमाची आठवण सह्याद्रीच्या प्रत्येक आरोहकाच्या मनात असते आणि ती असणे स्वाभाविकही आहे. मात्र युद्धात पत्करलेले साहस आणि सुटीच्या दिवशी केलेली चढाई यांतील भेद विसरता कामा नये. आजच्या आरोहकापुढे शत्रू नसतो आणि माथा गाठण्याची मुदतही नसते. लिंगाणा आज जसा उभा आहे तसाच तो पुढील हंगामातही उभा राहणार आहे. प्रत्येक थांबा नीट बांधणारा, आपल्या दोरावरच्या माणसाची वाट पाहणारा आणि वेळ होताच माघारी फिरणारा आरोहक तो पुन्हा चढू शकतो. शाळेने मुलांना आणि गावाने पाहुण्यांना प्रथम हेच शिकविले पाहिजे.